ड्रॅगनला उतरायला जागा नव्हती

मी कवळ्या बनवते. डहाणूत माझी छोटीशी लॅब आहे. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी दात घडवून देते. दुसऱ्याच्या थुंकीची, हिरड्यांची, कुजक्या वासाची मला किळस येत नाही. येऊन चालणारच नाही. तरी त्या रविवारी नरपडला माझ्या चुलतभावाच्या शेडमध्ये मला जी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

माझा एक मित्र आहे, कैनाडचा, वारली. तलासरीच्या एका दवाखान्यात तो रक्त तपासतो. आम्ही दोघं बाहुल्यांची लढाई खेळतो. प्लायवुडवर डोंगर, नदी, दलदल मांडायची, बोटाएवढे सैनिक उभे करायचे, टेपने अंतर मोजून त्यांना पुढे सरकवायचं आणि कोण मेलं ते फाशांनी ठरवायचं. साचे माझ्या लॅबमधल्या मालाचे असतात, बाहुले तो कोरतो. त्याची फौज खुज्या राक्षसांची. प्रत्येकाचं तोंड त्याच्या घरातल्या कुणाचं तरी. एक वाकलेला होता. "हा मामा. लग्नात नाचून नाचून असा झाला," म्हणाला होता. मामाने स्वतःला ओळखलं होतं आणि भालाही मोठा करून मागितला होता.

चिकूचे खोके भरून गेले की शेड रिकामी असायची, म्हणून आम्ही तिथे खेळायचो. भाऊ नुसता बघायचा. त्या रविवारी तो एका पाहुण्याला घेऊन आला. मुंबईचा माणूस, किनाऱ्याला बंगला बांधलेला, शनिवार-रविवारी यायचा. त्यालाही हा खेळ येत होता, फौज परदेशातून मागवलेली होती. भावाला त्याच्याशी ओळख वाढवायची होती.

"मॅडम, तुम्ही रंगवता वाटतं?" त्याने मला विचारलं. मग मित्राकडे वळून, "तू काय करतोस रे?"

मला तुम्ही, त्याला तू. आम्ही दोघं साधारण एकाच वयाचे. मित्राने सांगितलं, "रक्त तपासतो."

तो एकटा आणि आम्ही दोघं, असं ठरलं. सहा फेऱ्यांनंतर नदीवरचा पूल ज्याच्या ताब्यात, तो जिंकला. त्याच्याकडे चिलखती घोडेस्वार आणि बशीएवढ्या चकतीवर उभा असलेला लाल ड्रॅगन. आमच्याकडे खुजे, टेकडीवर माझे तिरंदाज आणि झाडीमागे लपवलेला एक धिप्पाड राक्षस.

शेडमध्ये पिकून फुटलेल्या चिकूंचा आंबूस वास होता, माश्या घोंघावत होत्या. त्याची आम्हाला सवय होती. पाहुण्याने भजी मागवली. खाता खाता तो तीच तेलकट बोटं बाहुल्यांना लावायचा. मेलेले सैनिक आपल्या हाताने उचलायची त्याला भारी हौस. उचलण्याआधी बोट चाटायचा. दात मात्र स्वच्छ, पांढरे, महागाचे. मी धंद्यातली, मला कळतं. मोजताना टेपच्या टोकावर अंगठा ठेवायचा आणि तो अंगठा दर वेळी थोडा पुढे सरकायचा.

"टेप हलली," मी म्हणाले.

"अरे मॅडम, गेम आहे. वाढवणचं बंदर होऊ द्या, इथल्या जमिनीसुद्धा अशाच सरकतील," तो म्हणाला. भाऊ हसला.

मित्राने थोडे खुजे दलदलीच्या आमच्या बाजूच्या काठावर, अगदी तोंडाशी ठेवले होते. मरायलाच. पाहुण्याचे घोडेस्वार दलदल तुडवत त्यांच्यावर तुटून पडले. खुजे मेले, पण दलदलीत चाल निम्मी होते; घोडे तिथेच रुतले. पाहुणा एकेक खुजा उचलून बाजूला टाकत होता. त्याच्या हातात मामा आला. त्याने तो डोळ्यांसमोर धरला आणि भावाला म्हणाला, "हे बनवायची मेहनत कशाला? कैनाडच्या नाक्यावरून चार उचलून आणले असते तरी चाललं असतं. रंगसुद्धा लावायला नको."

आणि माझा भाऊ हसला. तोंडदेखलं नव्हे, मनापासून, पोट धरून.

मी काही बोलणार, तोच मित्र म्हणाला, "तुमचा ड्रॅगन राहिलाय. चाल करा."

ड्रॅगन कुणावरूनही उडू शकतो, पण उतरायला त्याची अख्खी चकती मावेल एवढी मोकळी जागा लागते. पाहुण्याला तो आमच्या मागे, तिरंदाजांजवळ उतरवायचा होता. मित्राने उरलेले खुजे नदीपासून टेकडीपर्यंत विरळ पसरून ठेवले होते. दिसायला विस्कळीत, पण कुठल्याही दोघांमध्ये ती बशी मावेना. पाहुण्याने इथे ठेवून पाहिली, तिथे ठेवून पाहिली. शेवटी तिरकी करून दोन खुज्यांच्या डोक्यावरच दाबली. कट् असा आवाज झाला. एक भाला मोडला.

"बसला," तो म्हणाला.

"नाही बसला. उचला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्याने उचलला. पुढच्या फेऱ्यांत माझे तिरंदाज रुतलेल्या घोडेस्वारांना टिपत राहिले आणि राक्षस झाडीतून बाहेर येऊन त्यांच्या बगलेवर पडला. पूल आमच्याकडे राहिला. पाहुणा म्हणाला, घरगुती बोर्डावर कसला आलाय खेळ, आणि हात पुसायला त्याने आमचं निळं कापड घेतलं. नदी म्हणून अंथरलेलं.

तो गेल्यावर मी शेडच्या नळावर खुजे धुवायला बसले.

"राहू दे, रंग निघेल," मित्र म्हणाला.

"निघू दे."

भाऊ मागे येऊन उभा राहिला. "एवढं काय मनाला लावून घेतेस? गंमत केली त्याने."

"मला नको सांगू. त्याला सांग," मी मित्राकडे बोट करून म्हणाले.

भाऊ मित्राकडे बघून नुसता हसला, तसाच, आणि फोन आला म्हणून बाहेर गेला. पाहुणा परका होता, दोन दिवसांत त्याचं तोंडही विसरले असते. पण या भावाच्या पानात मी लहानपणापासून जेवले होते. त्याच्या हसण्याची किळस मला पाहुण्याच्या बोटांपेक्षा जास्त आली.

तेव्हापासून आम्ही माझ्या लॅबमध्ये खेळतो. भावाने मध्यंतरी चिकूची करंडी पाठवली, मी परत केली. मग त्याचा फोन आला: पाहुण्याला परत सामना हवाय. मी तिथल्या तिथे नाही म्हणाले.

मित्राला सांगितलं, तर तो उलट माझ्यावरच चिडला. "मला न विचारता नाही का म्हणालीस? मला खेळायचंय. तो समोर बसलेला मला हवाय."

"तुला घाण नाही वाटत?"

"वाटते ना. मला ती रोजच वाटते, दवाखान्यात, बसमध्ये, सगळीकडे. तुला एका रविवारी वाटली. म्हणून मी खेळणं सोडू का?"

मी भावाला फोन करून सामन्याला हो म्हटलं, पण माझ्या अटींवर. जागा माझी, भजी नाहीत, टेप माझ्या हातात, आणि भावाने उंबऱ्याच्या आत यायचं नाही. पाहुण्याने अजून काही कळवलेलं नाही. मित्र रोज संध्याकाळी तलासरीहून येतो आणि दलदल कुठे मांडायची यावर माझ्याशी वाद घालतो.