कूलरपुढे वाळवलेली माती

चार महिने खपून बनवलेली माती मी कूलरपुढे वाळत घातली. मी, म्हणजे पांढरकवड्याच्या कॉलेजात वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणारा माणूस.

बरं, माती माझीही नव्हती. दिग्रसजवळच्या तांड्यावरची एक विद्यार्थिनी, तिच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाची होती. सिलिका आणि अॅल्युमिना कालवून पोलादी डब्यात घट्ट बंद करायचं, दोनशेच्या वर तापमानात आठवडाभर शिजवायचं, की दोन-तीन चमचे पांढरी माती हाती लागायची. मधेच लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. लॅबचा शिपाई रोज टोचायचा, "मुकुटबनले माती फुकट पडली हाय, तुम्ही कायले शिजवून राह्यले?" त्या मातीत लोह असतं, खडे असतात, भाजल्यावर तडा तिथूनच जातो, हे सांगून मी थकलो.

सगळ्या मातीच्या बोटाएवढ्या पाच कांड्या झाल्या. त्या भाजायच्या आणि यवतमाळला यंत्रावर मोडून बघायच्या, किती भार सोसतात ते. त्या आकड्याशिवाय तिचा प्रकल्प कोणी घेणार नव्हतं, आणि जमा करायला दहा दिवस होते.

"सर, हप्ताभर सावलीत राहू द्या. हात नका लावू," असं बजावून ती गावी गेली.

मला कुठला धीर! मे महिना, कूलर धो धो चालू. वारा लागला की वस्तू वाळते, एवढ्या अगाध ज्ञानावर मी ट्रे त्याच्यासमोर ठेवला. तिसऱ्या दिवशी ती आली, कांडी हातात घेतली.

"थंडगार लागते, सर. ओली हाय."

"कूलरपुढची आहे, थंडच लागणार," मी वर तिलाच शिकवलं आणि भट्टी लावली.

भट्टीचा रेग्युलेटर दोन वर्षं मेलेला. हळूहळू तापवायची सोयच नाही, आणि प्राचार्य प्रत्येक अर्जावर 'पाहू' लिहून मोकळे. काय पाहतात देव जाणे! वीसेक मिनिटांत आतून फट्, फट् आवाज आले, लाह्या फुटाव्यात तसे. दार उघडलं तर एकही कांडी शिल्लक नव्हती, नुसता चुरा.

मी पेटलो. प्राचार्यांवर ओरडलो, वीजवाल्यांवर ओरडलो, शिपायावर ओरडलो, आणि लाज वाटते सांगायला, तिच्यावरही: "गावी जायची काय घाई होती?" ती चिमट्याने चुरा वेचत राहिली. प्राचार्यांवरचा राग अजून आहे. पण ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवटी तिने वही उघडली.

"कारण काय लिहू, सर?"

"लिही," मी घसा साफ केला, "वातावरणातील अनपेक्षित आर्द्रता."

तिने पेन खाली ठेवला.

"अनपेक्षित कायची, सर? कूलरमधी बादलीनं पाणी तुम्हीच तर टाकून राह्यलते."