नवऱ्याला 'सारे', बकऱ्यांना 'तुरू'

वाग्येम लग्न होऊन क्लातेन शहराजवळच्या लोहारआळीत आली, तेव्हा पहिल्याच सकाळी सासूने तिला बजावलं, "नवरा झोपला तर 'सारे' म्हणायचं. 'तुरू' बकऱ्यांसाठी, पोराटोरांसाठी आणि तुझ्यासाठी. जीभ सांभाळ."

दोन्ही शब्दांचा अर्थ झोपणंच. पण 'सारे' मानाचा. वडीलधाऱ्यांना तो, आणि मातीत निजलेल्यांनाही तोच. बाकी जग नुसतं 'तुरू'.

नवरा पार्मो विळे-कोयते घडवायचा. भात गार झाला की मार, कोळसा ओला निघाला की मार. एकदा शेजारणीशी बोलताना वाग्येमच्या तोंडून त्याच्याबद्दल 'तुरू' निसटलं. त्याने तिचं डोकं भात्याच्या खांबावर आपटलं. त्या कानाने तिला पुन्हा कधी नीट ऐकू आलं नाही. पुढे वर्षानुवर्षं तिची जीभ घसरली नाही.

मग एका दुपारी पार्मो पिऊन पडला होता. पोरगी लास्मी चहा घेऊन गेली आणि तिच्या हातून पेला निसटला. त्याने तिला अशी लाथ घातली की ती उंबऱ्यावर कोसळली, मनगट वाकडं झालं. तो पुन्हा बाकावर आडवा झाला. वाग्येमने मनगटाला फडकं बांधलं आणि भट्टीपाशी येऊन बसली. विस्तव विझू दिला तर आणखी मार होता.

तेवढ्यात विळ्यांचा व्यापारी दारात आला. "काय वहिनी, पार्मोदादा आहेत का?"

"आहे की," ती मोठ्याने म्हणाली. "तुरू."

व्यापाऱ्याचं हसू मावळलं. आतला बाक करकरला. पार्मो कोयता घेऊनच बाहेर आला.

"काय म्हणालीस? परत बोल!"

"तुरू. ढोरासारखा."

पहिला घाव तिच्या खांद्यात बसला. दुसऱ्यासाठी त्याने ऐरणीवर हात टेकून तोल सावरला, आणि वाग्येमने दोन्ही हातांनी घण उचलून त्या हातावर घातला. हाडांचा चुरा झाला. तो गुरासारखा ओरडला. तिने घण पुन्हा उचलला, तेव्हा व्यापाऱ्याने तिला मागून कवेत धरलं. "बस, वहिनी! मरेल तो!"

"मरू दे की!"

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. सरपंचांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "घरच्या मोठ्या माणसाला असं बोलतात?"

"मोठा माणूस दाखवा, त्याला नीट बोलते," ती म्हणाली.

पार्मो वोनोगिरीला भावाकडे गेला तो गेलाच. वाग्येमचा खांदा सांधला, पण घण काही उचलेना. ती विळ्यांना धार लावून पोट भरू लागली.

सगळ्यांत जास्त लागलं ते लास्मीचं बोलणं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबांचा हात मोडायला नको होतास, आई."

वाग्येमने सहाणेवरचा विळा बाजूला ठेवला. "तुझं मनगट मोडलं होतं, बाळ."

"माहीत आहे," लास्मी म्हणाली, आणि रडायलाच लागली. वाग्येमने तिला जवळ ओढलं, पण पोरीचं अंग बराच वेळ ताठच राहिलं.