बाबा ट्रेनिंगला गेलेत

हिंदी मुलखातल्या ज्या शाळेत मी अकरावीला इंग्रजी शिकवते, तिथे शुक्रवारचा तास शब्दांचा असतो. आठवड्याला दहा नवे शब्द आणि साहित्यातली एक संज्ञा. कधी मेटाफर, कधी आयरनी. मुलं व्याख्या घोकून येतात, चाचणीत लिहितात आणि सोमवारी विचारावं तर एकमेकांकडे बघतात. म्हणून मी एक नियम केला. व्याख्येबरोबर एक उदाहरण आपल्या घरातलं आणायचं, घरात कुणीतरी खरंच बोललेलं. हिंदी, मराठी, बुंदेली, काहीही चालेल. समजावून मात्र इंग्रजीत सांगायचं.

मागच्या हिवाळ्यात एका आठवड्याला संज्ञा होती युफेमिझम. बोचरी गोष्ट मऊ शब्दांत सांगणं. मी माझ्या आईचं उदाहरण दिलं. आई मूळची नागपूरची. ती कधीच ‘तांदूळ संपले’ म्हणत नसे, ‘तांदूळ वाढले’ म्हणायची.

“मॅम, फिर पता कैसे चलता था कि लाना है?” एकानं विचारलं.

“आईचा चेहरा बघून,” मी म्हटलं. वर्ग हसला.

पुढच्या शुक्रवारी बरेच हात वर झाले. एकीच्या वडिलांचं जुन्या शहरात कापडाचं दुकान. ते शटर ओढताना ‘दुकान बंद करो’ म्हणत नाहीत, ‘दुकान बढ़ा दो’ म्हणतात. एकाची आत्या जाड नाही, ‘हेल्दी’ आहे. एकाचे मार्क सगळ्या नातेवाइकांना ‘ठीक आए हैं’ असे सांगितले जातात. हशा वाढत चालला होता आणि मीही त्यात होते.

तेवढ्यात खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. वर्गात मराठी घरची ती एकटीच. पहिल्या दिवशी माझ्याशी मराठीत दोन वाक्यं बोलली होती, नंतर मैत्रिणींसमोर हिंदीच. अभ्यासात बरी, पण आपणहून हात वर करणारी नव्हे.

“हमारे घर में कहते हैं, पापा ट्रेनिंग पर गए हैं,” ती म्हणाली.

मागच्या बाकावरचा वर्गातला सगळ्यात बोलका मुलगा म्हणाला, “और असल में?”

“असल में वो अब हमारे साथ नहीं रहते. दो साल से.”

आवाज अगदी साधा होता. चाचणीचं उत्तर द्यावं तसा. मग तिनं ठरल्याप्रमाणे इंग्रजीत समजावलं, ट्रेनिंग हा शब्द का निवडला असेल तेही सांगितलं: ट्रेनिंगला गेलेला माणूस परत येतो, म्हणून.

जवळ जाऊन पाठीवर हात ठेवावा, तर सगळ्यांसमोर तिची कीव केल्यासारखं होईल. न ऐकल्यासारखं करावं, तर ते त्याहून वाईट. शेवटी मी एवढंच म्हटलं, “उदाहरण अगदी बरोबर आहे. आणि का, ते फार छान सांगितलंस.” ती खाली बसली.

मग तो मागच्या बाकावरचा मुलगा उठला. त्यानं आधी ‘हेल्दी’ आत्याचं उदाहरण देऊन टाळ्या घेतल्या होत्या. “मॅम, मैं अपना बदल सकता हूँ?” मी मान हलवली. “दादी के लिए हम सब बोलते हैं, थोड़ा भूल जाती हैं. वो मुझे पहचानती नहीं हैं.”

त्यानंतर कुणी हसवणारं उदाहरण दिलं नाही. घंटा झाली तरी दोघीतिघी सांगायच्या राहिल्या होत्या. त्या दिवशी बसनं मिसरोदला घरी परतताना माझं लक्ष लागेना. मुलांच्या घरात डोकावायचा मला काय अधिकार, असं सारखं वाटत राहिलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, एक पालक भेटायला आल्यात. त्या मुलीची आई. सरकारी कचेरीत नोकरी, इथल्याच शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात, एवढं मला माहीत होतं. मी माफीचं वाक्य मनात जुळवतच गेले.

“मॅडम, आप ही ने वो शब्द पढ़ाया?” त्यांनी विचारलं.

“हो, मीच,” मी मराठीत म्हटलं. “तुम्हाला वाईट वाटलं असेल तर…”

“अहो, तुम्ही आपल्यातल्या होय!” त्या खुर्चीत नीट बसल्या. थोडा वेळ पर्सचा पट्टा सारखा करत राहिल्या. “मी दोन वर्षं तिला ट्रेनिंग सांगत आले. मला वाटायचं, पोरीला खरं वाटतंय. आणि तिला काय वाटायचं माहितीय? आईला हेच बोलून बरं वाटतं, तर बोलू दे. शुक्रवारी घरी आली आणि म्हणाली, आई, आज मी वर्गात सांगून टाकलं. आधी मी चिडले. मग दोघी रडलो. मग तिनंच खिचडी टाकली.”

“आणि आता?”

“आता काय. रविवारी नागपूरला माझ्या आईला फोन केला. तर आई म्हणते, मला केव्हाचंच माहीत होतं गं, तू सांगशील म्हणून थांबले होते.” हे सांगताना त्यांना हसू आलं आणि मलाही. तीन पिढ्या एकमेकींना सांभाळत बसल्या होत्या.

जाताना त्या दारात थांबल्या. “तिला अजून काही विचारू नका हं वर्गात. तिला वाटलं तर सांगेल.”

मी कबूल केलं आणि पाळलंही. नियम तेवढा बदलला. उदाहरण घरातलं असो की रस्त्यावरचं, मुलांनी ठरवायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका संध्याकाळी बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात मायलेकी भेटल्या. आई कैऱ्या निवडत होती. त्यांच्या ओळखीच्या एक बाई तिथे आल्या आणि विचारू लागल्या, “और भाई साहब कैसे हैं? दिखते नहीं आजकल.”

“हम अलग रहते हैं,” आईनं सांगितलं आणि हातातली कैरी नाकाशी धरून बघितली. बाई गडबडल्या. मुलगी मात्र पिशवी उघडून पुढे झाली आणि म्हणाली, “आई, कडक बघून घे, लोणच्याला मऊ चालत नाहीत.”