घाईबाईंची पालकसभा

त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळी वस्ती घाईबाई म्हणायची. चालणं धावल्यासारखं, बोलणं त्याहून वेगात. बाई खुर्चीत टेकल्यात असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या हाती शाळा आली तेव्हा निकालात ती शहरातल्या सरकारी शाळांत शेवटून दुसरी होती. वस्तीच पार बदलली होती. जुन्या घरांतली मुलं खासगी शाळेच्या बसमध्ये चढायची. इथे यायची ती बिस्किटांच्या कारखान्यात कामाला आलेल्या, दूरदूरच्या कुटुंबांची. एकेका वर्गात चार-चार भाषा.

"मुलंच तशी आली, त्याला आपण काय करणार?" शिक्षक म्हणत. पालकसभेला तर चिटपाखरूही फिरकत नसे.

"ते येत नाहीत ना? मग आपण जाऊ!" घाईबाई म्हणाल्या आणि पाळी सुटायच्या वेळी थेट कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या. पिठाने पांढऱ्या झालेल्या बायका बाहेर पडल्या तशी बाईंनी रस्त्यावरच सभा भरवली.

"तुमची सभा भरते तेव्हा आम्ही भट्टीपाशी असतो," एक जण फणकारली.

"चुकलंच आमचं. पण तुमच्या मुली सारख्या गैरहजर का असतात, तेवढं सांगा."

"मग धाकट्याला कोण सांभाळणार, तुम्ही? माझी लेक गणितात पक्की आहे हो, पण करू काय?"

घाईबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या स्वतःच्या घरात शिरल्या त्याच ओरडत, "आई, तुम्हाला नोकरी लागली!"

घाईबाईंच्या सासूबाई दिवसभर घरी बसून सुनेच्या चुका काढत. "या वयात? पगार काय देणार गं?"

"पगार नाही. पण दिवसभर हुकूम सोडता येतील."

"मग येते," सासूबाई म्हणाल्या.

शाळेतली मोडक्या बाकांची खोली रिकामी झाली, सतरंज्या पसरल्या आणि तिथे सासूबाईंचं राज्य सुरू झालं. मोठ्या बहिणी धाकट्यांना त्यांच्या हवाली करून वर्गाकडे पळत सुटायच्या. बाकं भरू लागली तसे शिक्षकही हलले. गणिताचे गुरुजी तर पोरांच्या भाषांतले आकडे शिकून आले. त्यांचे उच्चार ऐकून वर्ग हसून हसून लोटपोट व्हायचा, पण गणितं सुटायची.

निकाल लागला. शाळा पहिली-बिहिली आली नाही, पण तळातून उठून थेट मधोमध येऊन बसली! फाटकावर फणकारलेल्या बाईची लेक गणितात शाळेत पहिली आली. घाईबाईंनी व्हरांड्यातून धूम ठोकली ती प्रत्येक वर्गात ओरडून सांगतच. गुरुजींनी आनंदाने खडूंचा अख्खा डबाच पोरांत वाटून टाकला.

नव्या वर्षी प्रवेश सुरू झाले. जुन्या घरांतला एक बाप एका मुलाचा हात धरून, दुसऱ्याला कडेवर घेऊन दारात आला. "ती लहान मुलांची खोली... आमच्यालाही घ्याल का?"

घाईबाई बोलणार तोच आतून सासूबाईंचा आवाज आला, "आधी त्याचं नाक पुसा, मग आणा!"