हिराची कथा पुन्हा परत आली

आमच्या शनिवारच्या बैठकीत लिहिलेलं सगळं परत येतं. कथा परत येते, कविता परत येते, एकदा तर नुसतं पत्र लिहिलं होतं तेही परत आलं! पण लिहिण्यापायी जे किस्से घडतात ते कुणी परत पाठवत नाही. ते आपले साचत जातात, माळ्यावरच्या भांड्यांसारखे. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात. आज हात घातलाच आहे, तर पडू देत.

मंडळी आम्ही चारच. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मुलांसाठी कविता लिहितात. बाळाराम ठाकुरवाडीच्या घाटात रेल्वेचा गँगमन होता, तो भुताच्या कथा लिहितो. वनिता एसटीत कंडक्टर, ती प्रेमकविता लिहिते. तिच्या नवऱ्याला माहीत नाही! आणि मी यमुनाबाय. वय चौऱ्याहत्तर, शाळा शून्य. खालापूरकडच्या एका अंगणवाडीत मदतनीस होते. पोरांच्या मागं बसून अंकलिपी शिकले, तेव्हा पस्तीशी उलटली होती. पोरं पहिलीत गेली, मी तिथंच बसून पुढचं वाचत राहिले. हे मी मान वर करून सांगते. कुणाला हसायचं असेल त्यानं हसून घ्यावं, मी थांबते.

* * *

कर्जतच्या भिसेगावात समाजमंदिराच्या मागं एक खोली आहे, तिथं आम्ही जमतो. आमचा एक नियम आहे. परत आलेलं लिखाण लिहिणाऱ्यानं स्वतः वाचायचं नाही, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं. आणि वाचन चालू असेपर्यंत लिहिणाऱ्यानं तोंडात लवंग धरायची. चावायची नाही, थुंकायची नाही, बोलायचं नाही.

खरं सांगायचं तर नियम माझ्यासाठीच केला होता. मी मध्ये मध्ये बोलते अशी तक्रार होती.

पहिल्याच शनिवारी माझी कथा गुरुजींच्या हातात. त्यात एक बाई पाण्याच्या नळावर कडाकडा भांडते. गुरुजींनी ते भांडण असं वाचलं, जसं काही शाळेत प्रार्थना चाललीय. मी एक पान सोसलं, दोन पानं सोसली. मग राहवेना.

"अहो गुरुजी, ती बाई शिव्या देतेय, श्लोक म्हणत नाहीये!"

बोलता बोलता लवंग उडाली ती थेट गुरुजींच्या चहात. गुरुजींनी शांतपणे एक घोट घेतला.

"मसाला चहा झाला. पुढं वाचू?"

* * *

आमच्या खोलीला आणि शेजारच्या खोलीला मधे नुसतं प्लायवूड आहे. पलीकडं बचत गटाच्या बायका पापड लाटतात. शनिवारभर खटखट, खटखट. सुरुवातीला गुरुजी वैतागायचे.

मग एकदा बाळारामची बोगद्याची कथा वाचत होतो आणि अचानक खटखट बंद. पाच मिनिटं एक लाटणं हललं नाही. कथा संपली आणि पलीकडून आवाज आला, "गेला काय रं तो मुकादम? का वाचला?"

तेव्हापासून आमचं ठरलं. लाटणं थांबलं की कथा चांगली. लाटणं चालू राहिलं की घरी जाऊन पुन्हा लिही.

गुरुजींच्या एका कवितेला तर लाटण्यांचा वेग वाढला होता! गुरुजी म्हणाले, "लय पकडली त्यांनी." सगळ्यांच्याच तोंडात लवंग असल्यासारखं झालं.

* * *

बाळारामची तीच कथा एका मासिकाकडून परत आली. सोबत एका ओळीची चिठ्ठी: 'वाचताना भीती वाटली नाही.'

बाळाराम उसळला. "भीती नाय वाटली? मी तीस वर्सं त्या घाटात रूळ तपासत चाललोय. याला काय माहिती भीती!"

त्यानं उलट पत्र लिहिलं. 'साहेब, आपण एकदा कर्जतला यावे. ठाकुरवाडीला उतरून आपण दोघे बोगद्याच्या तोंडापर्यंत पायी जाऊ. कथा मी तिथे वाचून दाखवीन. मग भीती वाटते का नाय ते सांगा.'

महिन्याभरानं उत्तर आलं. 'कामाच्या व्यापामुळे येणे शक्य होणार नाही.'

बाळारामनं त्या पत्राला फ्रेम केली. घरात लावलीय. कुणी विचारलं की सांगतो, "घाबरला!"

* * *

गुरुजींचा हिशेब निराळा. त्यांना नकाराचं पत्र आलं की ते लाल पेन काढतात आणि पत्र तपासतात. एकाला त्यांनी दहापैकी तीन दिले होते. खाली शेरा: 'उत्तर त्रोटक. कारणे देणे अपेक्षित होते. पालकांनी भेटावे.'

सही करून खरंच परत पाठवलं! त्या संपादकांचा पुढं फोन आला. म्हणाले, "गुरुजी, वडील वारले हो माझे. दुसरं कुणी भेटलं तर चालेल का?"

गुरुजींना हसावं की काय करावं कळेना. दोघं अर्धा तास वडिलांबद्दलच बोलत बसले. कविता काही घेतली नाही.

* * *

आता माझं.

खालापूरला एका कचेरीत काही कामाचा अर्ज भरायचा होता. मला चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून खिडकीतला मुलगा म्हणाला, "आजी, मीच भरतो. व्यवसाय काय लिहू? घरकाम?"

"लेखिका लिही."

त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. लुगडं पाहिलं, हातातली पिशवी पाहिली. "पुस्तक छापलंय का आजी तुमचं?"

"नाही."

"मग मासिकात वगैरे?"

"नाही. तुझं लग्न झालंय का रं?"

"नाय अजून."

"तरी तुला पुरुष म्हणतातच ना!"

मागची रांग खो खो हसली. मुलगा कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं गुमान लिहिलं. त्या अर्जाची झेरॉक्स माझ्या ट्रंकेत आहे. गंमत वाटते खरी, पण कधी कधी दुपारी ती काढून बघते. मला लेखिका म्हणणारा तेवढा एकच कागद आहे.

* * *

आता तुम्ही विचाराल, हिरा कोण. हिरा माझी मोठी बहीण. लग्न करून खालापूरच्या बाजूला दिली होती. आमचं माहेर घाटाच्या पायथ्याला. मी अकरा वर्षांची असताना तिनं निरोप धाडला, उद्या माहेरी येते. मी सकाळपासून बांधावर उभी. अंधार पडला, हिरा आली नाही. दुसऱ्या दिवशी बाबा तिच्या सासरी गेले. सासरचे म्हणाले, "ती तर काल सकाळीच निघाली."

नदी बघितली, रान बघितलं, कर्जत स्टेशन बघितलं. हिरा काही सापडली नाही, आजपर्यंत.

मी लिहायला शिकले तेव्हा पहिली गोष्ट हीच लिहिली. चौदा पानं. शेवटी मुलगी बांधावर उभी आहे, इथं कथा संपते. एकोणीस वर्षं ही कथा मी पाठवतेय. कुठल्या तरी दिवाळी अंकात एकदा हिराचं नाव छापून यावं, एवढंच मागणं. माझं नाव चुकीचं छापलं तरी चालेल. अंक कुठंही जातात, कुणाच्याही हातात पडतात. कुणी सांगावं?

सगळीकडून एकच उत्तर: शेवट अपूर्ण वाटतो.

* * *

एका संपादकाला वनितानं माझी कथा व्हॉट्सॲपवर पाठवली. फोटो काढून, चौदा पानं. मी तिच्या फोनकडं टक लावून बसलेली. दोन निळ्या खुणा आल्या. चौथ्या मिनिटाला उत्तर आलं: दोन जोडलेले हात. त्याखाली 'शुभेच्छा'.

मी म्हटलं, "लाव गं फोन त्याला."

"मावशी, असं नसतं करायचं."

"लाव म्हणते ना!"

फोन लागला. मी म्हटलं, "चौदा पानं चार मिनिटांत वाचली तुम्ही? अहो, एवढ्या वेळात मी पावशेर तांदूळही निवडत नाही."

मग तो म्हणाला, "आजी, खरं सांगतो, वाचली नाही. आज रात्री वाचतो."

आणि वाचली हो! दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. आवाज बदललेला. "आजी, कथा फार चांगली आहे. आम्ही छापतो. फक्त शेवट करा. एक तर ती सापडली दाखवा, नाही तर मेली दाखवा. वाचकांना टांगून ठेवता येत नाही."

* * *

त्या शनिवारी लाटण्यांपेक्षा आमचाच आवाज मोठा होता.

वनिता म्हणाली, "मारून टाका मावशी. कागदावरच तर मारायचंय. छापून तर येईल!"

बाळाराम म्हणाला, "मारायचं नाय. भूत करा."

गुरुजी नेहमीसारखे सावकाश म्हणाले, "यमुनाबाय, तुमची मुदत कधीपर्यंत आहे?"

मुदत आठ दिवसांची होती. सहा दिवस मी वही उघडून बसले. सातव्या दिवशी दुपारी हिराला मारलं. साप चावून. दोन ओळींत मेली. अक्षर छान आलं होतं. मग उठले, भात टाकायला गेले आणि डब्यात हात घालून तशीच उभी राहिले. किती माणसांचा भात टाकायचा तेच आठवेना. घरात मी एकटी असते.

परत आले, दोन्ही ओळी खोडल्या आणि फोन केला. "शेवट मला ठाऊक नाही."

तो बिचारा म्हणाला, "आजी, लेखकाला ठाऊक नसतं. कल्पना करायची."

"त्रेसष्ट वर्षं तेच करतेय की रे बाबा."

त्यानं पानं चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." फोटोंवरून त्यानं छापून घेतलेली पानं आठवड्यानं पोस्टानं परत. पाकिटावर पत्ता मात्र सुंदर अक्षरात!

* * *

त्यानंतर मी बैठकीला जाणं सोडलं. मनात आलं, आपल्याला कुणी सांगितलंय हे? अंकलिपी शिकलेल्या बाईनं डब्यांवर डाळ, तांदूळ लिहावं आणि गप्प बसावं. हिराचं दुःख मोठं असेल, म्हणून कथा मोठी होते असं थोडंच आहे? एकोणीस वर्षांत एवढी माणसं म्हणतात की अपूर्ण आहे, तर असेलही अपूर्ण. माझ्यासारख्या भांडकुदळ बाईच्या मनात असं आलं, यावरून काय ते समजा. वह्या ट्रंकेत टाकल्या आणि वर गोधडी.

तिसऱ्या शनिवारी बाळाराम दारात.

"ओ बाय, बरं नाय काय तुमाला?"

"बरी आहे. लिहिणं सोडलंय मी."

"सोडा की. तुमाला लिवायला कोण सांगतंय?" तो उंबऱ्यावरच बसला. "पण बैठकीला चला. दोन शनिवार झाले, आमी सगळी एकमेकाला चांगलं हाय, चांगलं हाय म्हनतोय. लई बेकार चाललंय!"

गेले. वनिताची कविता वाचली आणि पहिल्या दमात सांगितलं, की ही कविता नाही, तिकीट आहे. फाडून देऊन टाक. वनितानं मला मिठीच मारली!

* * *

हा शेवटचा, मागच्या मार्गशीर्षातला. हा मी बैठकीतही अजून सांगितलेला नाही.

पुतणीकडं खालापूरला गेले होते. परतताना एसटीत शेजारी एक बाई बसली, असेल चाळिशीची. मांडीवर पिशवी, तोंड चालू. लेक माहेरी येते म्हणाली आणि आली नाही, जावई असा, विहीण तशी. खोपोली मागं पडली तरी लेकीचंच चाललेलं. मग एकदम म्हणाली, "आमच्याकडं एक गोष्ट हाय आजी. खरी हाय बरं का. एक हिरा म्हणून होती."

माझा हात पुढच्या सीटच्या दांडीवर होता, तो तसाच राहिला.

"माहेराला येते म्हणून तिनं निरोप धाडला. धाकटी भन तिची, सकाळपासनं बांधावर हुबी. दुपार झाली, हिराचा पत्ता नाय. दिवस बुडाला, तरी नाय."

अगदी तोंडावर आलं होतं, बाई, थांब, ही माझी कथा आहे! तुला कुणी सांगितली? पण मी बोलले नाही. ती जिथपर्यंत आली होती तिथं माझं चौदावं पान संपतं. आणि ती तर थांबायला तयार नाही!

"मग?" मी विचारलं.

"मग काय? आली की."

"आली?"

"आली म्हणजे! काळोख पडल्यावर आली. भन बांधावरच हुबी होती, हालली नव्हती बिचारी."

"एवढा वेळ कुठं होती ती?"

बाईनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मला रीतच माहीत नाही.

"ओ आजी, माहेराला आलेल्या पोरीला उशीर का झाला म्हणून इचारतात काय?"

मी मान हलवली. नाही विचारत.

"भनीनं तिला हाताला धरून घरी नेली. दारात पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला. आई आतनं म्हणाली, कोण गं? तर भन म्हणाली..."

गाडी थांबली. लोक उठले. बाईनं पिशवी उचलून मला जागा करून दिली. "कर्जत आलं आजी. तुमाला उतरायचंय ना?"

"उतरेन गं," मी म्हटलं. "तू आधी सांग. भन काय म्हणाली?"