मावशीचं बोटीचं सामान

जगातली कुठलीही बोट माझ्या मोठ्या मावशीला विचारल्याशिवाय धक्क्यावरून सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. दिशा कप्तान बघेल, इंजिन इंजिनवाले बघतील. पण बोटीवर चढणाऱ्या माणसाच्या बॅगेत काय असावं, हे सांगणारा खात्रीचा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे आणि तो कोपरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मावशीने बाळकुमच्या बाजूच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात एकतीस वर्षं काढली. "रिकामी जागा म्हणजे फुटलेली बाटली" हे त्या खात्याचं ब्रीद होतं, आणि निवृत्त होताना मावशी ते घरी घेऊन आली. तेव्हापासून आमच्या कुळातला कोणीही परगावी निघाला की आधी बॅग घेऊन कोपरीला जातो. मावशी बुटांत मोजे भरते, मोज्यांत गोळ्यांच्या पट्ट्या भरते, आणि तरीही कुठे बोटभर जागा उरली तर तिथे सुईदोरा जातो. माझा मावसभाऊ जर्मनीला शिकायला निघाला, तेव्हा तिने त्याच्या बॅगेत कुकरच्या दोन जादा रिंगा टाकल्या होत्या. तो खूप हसला. चार महिन्यांनी त्याचा फोन आला, की त्या गावातल्या झाडून सगळ्या भारतीय पोरांचा वरणभात मावशीच्या दुसऱ्या रिंगेवर चालला आहे. मावशीने फोन ठेवला आणि एवढंच म्हणाली, "तिसरी मावत होती. उगाच काढली."

या गुणापायीच तिचं तिच्या सख्ख्या भावाशी, म्हणजे माझ्या मामाशी, वाजलं. मामा तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा, पण लहानपणापासून सगळे त्याला भाऊ म्हणतात. श्रीवर्धनच्या अलीकडे आमचं आजोळ आहे, तिथल्या शाळेत तो हेडमास्तर होता. सात वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढायला तो ठाण्याला आला आणि पंधरा दिवस मावशीकडे राहिला. निघायच्या सकाळी मावशीने त्याची बॅग भरली. दोन छत्र्या, टॉर्च, नाडीची पिन इथपर्यंत त्याने सहन केलं. पण जिन्यात त्याने सदऱ्याच्या खिशात हात घातला, तर आत सेफ्टी पिनेने टाचलेली एक चिठ्ठी. तिच्यावर त्याचं नाव, गावाचा पत्ता आणि खाली मावशीचा फोन नंबर, 'हरवल्यास कळवावे' म्हणून. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सहलीला नेऊन मोजून परत आणली, त्याच्या खिशात ही चिठ्ठी! मामाने कोपरीच्या त्या जिन्यात बॅग उपडी केली, "मी हरवणारा माणूस आहे?" असं विचारलं आणि नुसती पिशवी घेऊन निघून गेला. दोन छत्र्या पायऱ्यांवरच राहिल्या. त्यानंतर दोघांनी एकमेकांना फोन केला नाही. लग्नकार्यात हॉलच्या दोन टोकांना बसायची आणि "तिला सांग, मठ्ठा गार आहे, पिऊ नको म्हणावं," असे निरोप आम्हा भाचरांकडून पाठवायची. दोघंही सत्तरी उलटलेली. यातलं कोणीतरी एक आधी जाणार आणि दुसरं जन्मभर कुढत बसणार, याची आम्हा सगळ्यांना धास्ती होती. पण बोलणार कोण? जो बोलायला गेला, त्याला मावशीने बॅग भरून परत पाठवलं.

अशात माझ्या मुलाने आम्हा चौघांची, म्हणजे मी, माझी बायको, तो आणि मावशी अशी, तीन रात्रींची क्रूझ ठरवली. मुंबईहून निघायचं आणि मुंबईलाच परत. मी आणि मुलगा डोंबिवलीहून कोपरीला गेलो आणि मावशीला हे सांगितलं, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "बोट म्हण की सरळ. मी बोटीनेच आले मुंबईला. अठरा वर्षांची होते." मी समजावलं, की मावशी, ती कोकणातली आगबोट वेगळी, हिच्यात लिफ्ट असते, पोहायचा तलाव असतो. ती म्हणाली, "असू दे. खाली पाणीच ना?" मग तिने माझ्या मुलाकडून मोबाइलवर नकाशा काढून घेतला आणि त्याला विचारलं, "श्रीवर्धनवरून किती वाजता जाईल रे ही?" तो म्हणाला, "साडेपाच-सहा होतील संध्याकाळचे. येताना सकाळी नऊच्या आसपास. का गं आजी?" मावशी उठली आणि कॅलेंडरच्या जुन्या पानामागे यादी करायला बसली.

त्या यादीत पहिलं नाव आरशाचं होतं. मला वाटलं वेणीफणीसाठी असेल. मग मावशीने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. त्यांचे वडील मुंबईला नोकरीला होते. सुटी संपवून ते उन्हं कलताना बोटीने निघत, तेव्हा ही दोन भावंडं गावामागच्या टेकडीवर आरसा घेऊन पळत. बोट समुद्रात आडवी जाऊ लागली, की मावळतीच्या उन्हात आरसा हलवायचा. वडिलांना बोटीवरून लकाकी दिसायची, की पोरं टेकडीवर पोचली. पुन्हा सुटीवर यायची बोट सकाळची असायची, तेव्हा ऊन पूर्वेचं, म्हणून वडील बोटीवरून दाढीचा आरसा हलवायचे. पुढे मावशी लग्न होऊन मुंबईला निघाली, तेव्हा मामा एकटाच टेकडीवर गेला होता. "संध्याकाळी ऊन किनाऱ्याकडे असतं, सकाळी बोटीकडे," मावशी म्हणाली. "तेव्हा आधी तो बोलणार, मग मी. तो नाही बोलला तर मी पण नाही बोलणार. मी कार्ड टाकलंय." कार्डावर दोनच ओळी होत्या: 'शुक्रवारी संध्याकाळी बोट गावावरून जाईल. आरसा पुसून ठेवावा.' खाली सही नव्हती.

मग आमची पिढी मावशीच्या बाकीच्या यादीवर हसून घेऊ लागली. तिच्यात होते डझनभर कपड्यांचे चिमटे, जुन्या बंद पडलेल्या स्पीकरांतून काढलेली लोहचुंबकं, आलेपाकाचा डबा, शिट्टी आणि जुन्या लुगड्याचे लाल काठ. "चुंबकं कशाला आजी, लिटरली?" असं मुलाने विचारलं. मावशी म्हणाली, "बोट लोखंडाची असते. लाकडाची असती तर खिळे घेतले असते." धक्क्यावर तपासणीला बसलेल्या पोरीने आमची बॅग बाजूला काढली. ती कल्याणची निघाली. "आजी, ओपन करा ना जरा. हे काय गुंडाळलंय माकडटोपीत?" "आरसा." "अहो, केबिनमध्ये असतो आरसा." "तो भिंतीला चिकटलेला असतो ना? मला हातात धरायचाय." पोरीने आरसा उलटसुलट केला, वरच्या साहेबांना दाखवला, साहेबांनी काच म्हणून नकारार्थी मान हलवली. मी आरसा तिथेच सोडून द्यायला निघालो. मावशीने मात्र त्या पोरीला बाजूला घेतलं आणि जे मला स्वयंपाकघरात सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं. मागे रांग खोळंबली होती. पोरीने साहेबांकडे जाऊन काहीतरी सांगितलं, परत आली, आरसा पुन्हा माकडटोपीत गुंडाळून दिला आणि हळूच म्हणाली, "दिसला की मला सांगा हं आजी. मंडेला माझीच ड्यूटी आहे."

आता बोटीवर काय झालं ते मी छाती पुढे काढून सांगतो. केबिनबाहेर सगळ्यांच्या काळ्या बॅगा ढीगभर येऊन पडल्या होत्या आणि माणसं वाकून वाकून आपापली शोधत होती. लुगड्याचे लाल काठ बांधलेल्या आमच्या बॅगा मावशीने लांबूनच ओळखल्या. केबिन आमच्या मोरीपेक्षा थोडी मोठी. पण भिंतीला टक्कन चुंबकं चिकटली आणि टोप्या, पिशव्या, चष्म्यांची घरं, माझा ओला पंचा असं सगळं तिच्यावर लटकलं. शेजारच्या केबिनमधली सुरतेची बाई बघायला आली आणि दोन चुंबकं उसनी घेऊन गेली. वर डेकवर वारा असा, की खुर्च्यांवरचे टॉवेल उडून चालले होते. मावशीने आमचे टॉवेल चिमट्यांनी टाचले, मग शेजारच्यांचे, मग एका गोऱ्या साहेबाचेही, त्याला न विचारता. मोबाइलला रेंज नव्हती. मावशीने आधीच ठरवून ठेवलं होतं, की एक शिट्टी म्हणजे जेवायला या, दोन म्हणजे असाल तिथे थांबा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने जेवणाच्या हॉलच्या दारात जोरात शिट्टी मारली. आम्ही तिघं आलो, पण आमच्याबरोबर संकटकाळची कवायत समजून तीसेक प्रवासीही आले आणि त्यातल्या दोघांनी तर तरंगायची जाकिटं घातली होती. मावशीने त्यांनाही रांगेने पानाला बसवलं.

पण हा दुसरा दिवस. पहिल्या संध्याकाळी पाच वाजल्यापासून ती डाव्या बाजूच्या कठड्याला धरून उभी होती, शेजारी बसायला स्टुलं असताना. समुद्र जरा खवळलेला होता. आजीच्या चुंबकांना हसलेला माझा मुलगा पांढराफटक पडून आडवा झाला होता. मावशीने किनाऱ्यावरची नजर न हटवता मागे हात करून त्याच्या तोंडात आलेपाक घातला आणि "पायाकडे नको, लांबची रेघ बघ" म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने तो उठून तिच्याजवळ उभा राहिला. किनारा म्हणजे एक निळसर पट्टी. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. मुलगा मोबाइल बघून म्हणाला, "आजी, आता एग्झॅक्टली समोर आहे." समोर काही नव्हतं. ऊन तांबूस व्हायला लागलं. मावशी म्हणाली, "कार्ड पोचलं नसेल." पाच मिनिटांनी म्हणाली, "डोळा पुन्हा बिघडला असेल." आणि मग बऱ्याच वेळाने, "चिठ्ठी टाचायला नको होती मी." सात वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

आणि तेवढ्यात त्या निळ्या पट्टीवर टेकडीच्या जागी एक ठिणगी पडली. विझली. मग पेटली ती एवढी, की शेजारची सुरतेची बाईसुद्धा "ओ जुओ, जुओ!" करून ओरडली. हातातल्या आरशाचा तो उजेडच नव्हे. मागाहून मामीने सांगितलं, की हेडमास्तरांनी कपाटाच्या दाराचा पुरुषभर आरसा स्क्रू काढून उतरवला आणि मामीला एक बाजू धरायला लावून टेकडीवर चढवला. चढ जमेना म्हणून उशीर झाला. माझी बायको रडायला लागली. मुलगा शिट्टी फुंकायला लागला. मावशी मात्र नुसती उभी होती. ऊन बुडेपर्यंत ती उजेडाकडे बघत होती, आणि मग म्हणाली, "पुसलेला दिसतोय."

परतीच्या सकाळी नऊला ती उजव्या कठड्याशी होती. माकडटोपीतून आरसा काढला, पदराने पुसला आणि पूर्वेचं ऊन धरून टेकडीच्या दिशेला हलवला. एकदा नाही, चांगली वीस मिनिटं. मी मागे उभा होतो. माझी छाती अभिमानाने अशी भरून आली होती, की बोटभर जागा उरली नव्हती. मुंबई जवळ आली, रेंज आली आणि मावशीचा फोन वाजला. सात वर्षांनी मामाचा आवाज, तोही स्पीकरवर. "ताई, तुझा उजेड थरथरत होता गं. हात कापतात का?" मावशी म्हणाली, "बोट हलत होती." मामा म्हणाला, "बरं." आणि मग फोन कोणीच ठेवेना. धक्क्यावर उतरल्यावर मावशीने सगळ्यांत आधी ती तपासणीची पोरगी शोधून काढली आणि तिला उरलेला आलेपाक दिला.

बोट हलत नव्हती. त्या सकाळी समुद्र तेलासारखा शांत होता आणि हात मला दिसत होते. आता ते जास्तच कापतात. मधूनच ती गॅस लावून विसरते, जिना उतरून कुठे निघालो होतो ते विसरते. परवा ती मे महिन्यासाठी मामाकडे निघाली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा बॅग भरायला तिने मला बसवलं. मी बुटांत मोजे भरले, मोज्यांत गोळ्या भरल्या, आरसा माकडटोपीत गुंडाळला. मग ती आत गेल्याचं बघून मी एका कागदावर तिचं नाव, कोपरीचा पत्ता आणि माझा नंबर लिहिला आणि तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात पिनेने टाचला. मान वर केली तर मावशी दारात उभी होती. मला जिना आठवला, पायऱ्यांवरच्या छत्र्या आठवल्या. तिने पुढे येऊन चिठ्ठी काढली, चष्मा लावून सावकाश वाचली आणि परत माझ्या हातात दिली.

"अक्षर मोठं काढ," ती म्हणाली. "आणि आधी भाऊचा नंबर घाल. तो लवकर येईल."