फाटकातल्या पांढऱ्या पणत्या

ती घटना आठवायला मला आजही डायरी उघडावी लागत नाही. सीमेवर लढाई पेटली होती आणि तिचा अर्धा दारूगोळा बडोद्यात, हरणीच्या एका सोसायटीतच फुटत होता. पोलीस खात्यातून माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते. मी हरणीत ओरडलो की कोसभर दूरच्या पादरा गावातली कबुतरे उडतात, असे माझे शिपाई सांगत. मी त्यांना कधी अडवले नाही.

सकाळी सातला ठाण्यात फोन आला. सोसायटीचे सेक्रेटरी होते. "साहेब, जल्दी या! फाटकात कोणीतरी देशद्रोह काढलाय!"

जाऊन पाहतो तर देशद्रोह रांगोळीचा. पांढऱ्या पणत्यांच्या रांगा. आदल्या दिवशी बातम्यांत जेवढे मेले, तेवढ्या पणत्या. आपले आणि शत्रूचे एकाच रांगेत. चार दिवस कोणीतरी पहाटे त्या काढत होते आणि वॉचमनला म्हणे काहीच दिसत नव्हते. जमाव पन्नासाचा, आवाज पाच हजारांचा.

"मेलेल्यात कसला भेद करता?" जमावातून एक जण म्हणाला.

"तुमच्या गच्चीवर बॉम्ब पडला की मग विचारू हं!" दुसरा ओरडला.

संशय एकावरच होता, पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांवर. ही लढाई नक्की कशासाठी, असे त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारले होते. दोघे-तिघे कोपऱ्यात कुजबुजत होते, "पोलिसांनी नेला नाही तर आपण बघू." ओरडणाऱ्यांची मला कधी भीती वाटली नाही, कुजबुजणाऱ्यांची वाटते. स्टेशन डायरीत नोंद करून प्राध्यापकांना जबाबासाठी ठाण्यात आणले. खरे तर वाचवायलाच.

"होय, मीच काढल्या. लिहून घ्या," ते ताठ बसून म्हणाले.

मी रांगोळी मागवली. "काढा एक."

त्यांनी काढली.

"सर, ही चप्पल आहे."

त्यांनी बोटांची रांगोळी झटकली. मग हळूच म्हणाले, "जो कोणी काढतोय, तो माझ्याहून जास्त घाबरलेला असेल, असं वाटलं मला."

त्यांना तिथेच बसवून मी तक्रारीवर सही घ्यायला सेक्रेटरींच्या घरी गेलो. फाटकातल्या पणत्या चिमटीतून एका वेळी दोन-दोन रेघा पाडत काढल्या होत्या. असा हात वर्षानुवर्षांच्या सवयीचा असतो. सेक्रेटरींच्या उंबऱ्यावर तशाच दोन रेघांचे गोपद्म होते.

"वहिनी, या पणत्या तुमच्या?" चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नीला मी विचारले.

"काय बोलताय साहेब!" सेक्रेटरी ताडकन उठले. "आमचा मुलगा सीमेवर आहे!"

"म्हणूनच," वहिनी म्हणाल्या. "पाच दिवस त्याचा फोन नाही. बातमीत नुसता आकडा येतो, नाव येत नाही. म्हणून सगळ्यांसाठीच काढते. न जाणो, त्यात तो असला तर त्याची पणती राहायला नको."

"आणि तिकडचे कशाला?" सेक्रेटरींचा आवाज फाटला.

"त्यांच्या आयांना तरी कोण नाव सांगतंय?"

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "साहेब, मी बाहेर जाऊन ओरडलो नाही ना, तर मला या घरात बसवत नाही हो."

तक्रारीचा कागद त्यांनी माझ्या हातून परत घेतला. ठाण्यात येऊन प्राध्यापकांना स्वतः स्कूटरवरून घरी नेले आणि जमावाला काय घडले ते आपल्या तोंडाने सांगितले. कुजबुज थांबली. वाद मात्र थांबला नाही, आणि तो थांबवणे हे पोलिसाचे कामही नव्हे.

छत्तीस वर्षे मी माणसांचे खोटे पकडत आलो. मोठ्या आवाजाच्या आत भीती किती असते, हे मोजायला त्या उंबऱ्यावर शिकलो. तेही उशिराच. दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम चक्कर मारली. सेक्रेटरी फाटकात वाकून रांगोळीभोवती विटा मांडत होते, स्कूटरचे चाक जाऊ नये म्हणून. मी काही विचारण्याआधीच त्यांनी मान हलवली. फोन आला नव्हता.